हेलिओस ४४-२: कासच्या फुलांसाठी एक जुनी लेन्स

सोव्हिएत जेनिट कॅमेऱ्यांसोबत मिळणारी हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स (एफपुढचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा; आकडा लहान तितके छिद्र मोठे) गेल्या पावसाळ्यात मी कॅनन १५००डी या डिजिटल कॅमेऱ्यावर लावून साताऱ्यात आणि कास पठारावर वापरली. फुलांच्या छायाचित्रणासाठी ती मला मनापासून आवडली.

ही एम४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसवायची लेन्स असून तिच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या जागेत) ते ४४ मिमी असल्याने दोन्हींमधला फरक एक साधी धातूची अडॅप्टर रिंग भरून काढते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये मात्र ते ४६.५ मिमी आहे. तिथे लेन्स हवी त्यापेक्षा सेन्सरपासून लांब राहते, म्हणून काच नसलेली रिंग लावल्यास जवळचे फूल फोकस होईल, पण यवतेश्वर घाटातून दिसणारा दूरचा अजिंक्यतारा किल्ला होणार नाही.

खरी कसोटी फोकसची आहे. १५००डीचा व्ह्यूफाइंडर लहान आहे आणि एफ/२ला फोकस नेमका कुठे बसला हे त्यात खात्रीने कळत नाही, म्हणून ट्रायपॉडवर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचे दृश्य, दहापट मोठा करून फोकस साधावा. लेन्सला ॲपर्चरची दोन कडी आहेत: एकावर हवा तो आकडा आधी ठरवायचा, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस करायचा आणि मग दुसरे कडे फिरवून ॲपर्चर मिटायचे. एव्ही मोडमध्ये, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवतो त्या पद्धतीत, कॅमेरा शटरचा वेग स्वतः ठरवतो. पठारावरच्या वाऱ्यात डोलणाऱ्या तेरड्यासाठी हा क्रम संथ वाटतो, हे खरे. वारा पडेपर्यंत थांबण्याची तयारी नसेल, तर ऑटोफोकस लेन्सच बरी.

एफ/२ला चित्र मऊ येते आणि पार्श्वभूमी किंचित भोवऱ्यासारखी फिरते. १५००डीचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने कडांचा भाग कापला जातो आणि हा परिणाम सौम्य होतो, पण मागचे गवत विरघळून पुढचे फूल उठून दिसते, ते मला फार सुंदर वाटते. एफ/४ला मध्यभागी भरपूर तपशील मिळतो. सूर्य समोर असला की चित्र फिके पडते, तेव्हा लेन्सपुढे लावायचे, आडवा प्रकाश अडवणारे ४९ मिमीचे हूड जवळ असावे. सर्वांत जवळचा फोकस अर्ध्या मीटरवर असल्याने सीतेची आसवे यांसारखी इवली फुले चौकटीत फार लहान दिसतात. त्यांच्यासाठी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या, आणखी जवळून फोकस करू देणाऱ्या एम४२च्या एक्स्टेन्शन रिंगा घ्याव्यात, आणि त्या असल्या तरी वाट सोडून फुलांत पाय ठेवू नये.

विकत घेताना लेन्स उघड्या ॲपर्चरवर टॉर्चसमोर धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे आणि फोकसचे कडे शेवटपर्यंत फिरवून बघावे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून कासहून परतल्यावर लेन्स कोरडी पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी.