कानाचं मशीन: आपोआप चालणारं की बटणाचं?

ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्याच्या, खोलीत कुठलंही मशीन छानच वाटतं. दार बंद, एसीची घरघर तेवढी, समोर एकच माणूस आणि तोही सावकाश बोलणारा. तिथे ऐकून पैसे भरू नका, एवढं आधीच सांगतो. मी दोन मशीनं पंधरा-पंधरा दिवस घरी आणून वापरली. दोन्ही कानामागे बसणारी, दोन्ही जोडीने. पहिल्यात सगळं आपोआप. दुसऱ्यात तीन प्रोग्रॅम, म्हणजे जागेप्रमाणे ऐकण्याच्या तीन तऱ्हा, आणि ते बदलायला मागे एक बटण. पहिलं जवळजवळ दीडपट महाग. बाकी चार्जिंग, ब्लूटूथ वगैरे दुकानात सांगतीलच.

माझं ऐकणं वरच्या पट्टीत उतरलंय, वयानं बहुतेकांचं उतरतं तसं. आवाज येतो, शब्द निसटतात. 'स' तर सगळ्यात आधी जातो. भाजीवाली 'साठ' म्हणाली की मला 'आठ' ऐकू येतं आणि मी दहाची नोट धरून उभा. म्हणून परीक्षा तिथूनच सुरू केली. डोंबिवली स्टेशनबाहेर, संध्याकाळी सात वाजता, रिक्षांच्या हॉर्नमध्ये दहा जणांना भाव विचारायचा आणि किती वेळा 'काय?' म्हणावं लागलं ते बोटांवर मोजायचं. याला शास्त्र कोणी म्हणणार नाही, पण मला पुरलं.

इथे पहिलं मशीन सरस, वादच नाही. प्रत्येक मशीनवर दोन माइक असतात, एक पुढे, एक मागे, मध्ये जेमतेम सेंटिमीटरभर अंतर. मागचा आवाज मागच्या माइकला किंचित आधी पोचतो. त्या किंचित फरकावरून मशीन मागचं काय आणि पुढचं काय ते ओळखतं आणि मागचं दाबतं. म्हणजे टॉर्चसारखा ऐकण्याचा झोत पुढे पडतो, आणि गलका वाढला की पहिलं मशीन स्वतःहून हा झोत अरुंद करत जातं. भाजीवाली समोर, रिक्षा पाठीमागे. दहात एकदाच 'काय?' म्हणालो. दुसऱ्यावर बटण दाबून बाजाराचा, समोरचंच ऐकणारा प्रोग्रॅम लावला तेव्हा तीनदा.

लोकलमध्ये दोघांत डावं-उजवं करता आलं नाही. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली, ती कानातल्या भोकाभोकांच्या रबरातून सरळ आत शिरते, मशीनला विचारतच नाही. बंद रबर घातलं तर ती अडते, पण मग स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. मी ट्रेनमध्ये बोलणंच कमी केलंय.

घरी पंखा आणि मिक्सर दोन्ही मशीनं बऱ्यापैकी दाबतात, कारण एकसुरी चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असा त्यांचा हिशेब. हा हिशेब गाण्यात फसतो. भाचीच्या बैठकीला पहिलं मशीन लावून गेलो, तर तानपुरा हळूहळू बुडालाच. यंत्राच्या लेखी तोही पंखाच. पेटीचा लांब सूर थरथरायला लागला, कारण मशीन कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं, ती थांबवण्याची जी सोय असते तिला तो सूर मशीनचीच शिट्टी वाटतो. दुसऱ्यात संगीताचा प्रोग्रॅम होता, त्यात हे दोन्ही उद्योग जवळपास बंद. तरी तेवढ्यावरून मी मशीन ठरवलं नसतं. बैठकी वर्षाला तीन-चार.

ठरलं ते पुतणीच्या लग्नात, पंगतीत.

गोंगाटातून एकच माणूस कसा ऐकायचा, या कोड्याला 1953 साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 'कॉकटेल पार्टी'चं नाव दिलं. तिथे लोक समोरासमोर उभे राहून बोलतात. आपल्या मंगल कार्यालयात बोलणारा माणूस शेजारी असतो, समोरून वाढपी जातात आणि जेवणारा बघतो पानाकडे. माझ्या डावीकडे दादाचे नवे व्याही बसले होते. सनई लाउडस्पीकरवर, पलीकडे भांड्यांचा खणखणाट. मशीनने गोंगाट जोखून झोत पुढे अरुंद केला. 'मठ्ठा, मठ्ठा' करत वाढपी गेला तो ठणठणीत ऐकू आला. व्याह्यांनी दोनदा काहीतरी विचारलं आणि ते गप्प झाले. मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा कळायला लागलं, पण घास घ्यायला पुन्हा पानाकडे वळलो की मशीन वरणाच्या वाटीकडे कान लावून बसायचं. हे फोनवरच्या अ‍ॅपमधून बदलता येतं म्हणे. उजवा हात वरणभातात, फोन उजव्या खिशात.

दुसरं मशीन लावून अशाच एका मुंजीला गेलो. डाव्या हाताचं बोट कानामागे नेलं, बटण दाबलं, चौफेर प्रोग्रॅम लागला. खोटं कशाला सांगू, गलका जास्त आला, चमचा पडला तर दचकायला झालं, तासाभरात डोकं शिणलं. पण शेजारचे काका काय म्हणतायत ते समजत होतं आणि मीही उत्तरं देत होतो. व्याह्यांशी तेवढं जमलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्यावर अन्याय नको. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी त्याची आपोआप वळण्याची खोड कमी करून दिली होती. पंगतीत थोडा फरक पडला, पण बाजारातली ती मजा गेली. शर्टाला लावायचा छोटा माइकही मिळतो आणि व्याख्यानाला तो झकास चालतो. व्याह्यांच्या सिल्कच्या कुर्त्याला कोण लावणार? ज्यांचं बोलणं मुख्यतः टेबलापलीकडच्या एका माणसाशी असतं, किंवा ज्यांची बोटं थरथरतात, त्यांनी पहिलंच घ्यावं. कदाचित ते माझ्यापेक्षा सुखी राहतील. ज्यांच्या घरी जेवताना सहा माणसं एकदम बोलतात, त्यांनी निदान बटणाचं आणून बघावं. आणि ट्रायलच्या दिवसांत एखादं कार्य येईल असं बघा, बाकीचे दिवस वाया गेले तरी चालतील.

मी दुसरं घेतलं. त्याचा एक त्रास आहे: प्रोग्रॅम बदलायचं लक्षात ठेवावं लागतं. परवा बाजाराचाच लावून घरी आलो आणि पेपर वाचत बसलो. मागून स्वयंपाकघरातून हाक येत होती. ही मशीनची चूक नाही, असं बायकोने मला तीनदा सांगितलं म्हणे. मला तिसऱ्यांदा ऐकू आलं, ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा.