फ्लॅनेलचं माहेर: वेल्समधलं लोकर संग्रहालय

द्रे-वाख वेलिंद्रे हे गाव नकाशावर शोधावंच लागतं. वेल्सच्या पश्चिमेला, कारमार्थनशरमध्ये, तायवी नदीच्या खोऱ्यात. तिथल्या जुन्या केंब्रियन मिल्समध्ये राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे. तिकीट नाही. स्वान्सीला लेकीकडे आले होते, तिच्याच गाडीतून गेलो.

बाळंतविड्यातली झबली-टोपरी शिवण्यात माझा जन्म गेला. आमच्याकडे फ्लॅनेल म्हणजे मऊ, सुती, एका बाजूने लव काढलेलं कापड. इथे कळलं की मूळ फ्लॅनेल लोकरीचं. वेल्श भाषेत ‘ग्व्लान’ म्हणजे लोकर आणि ‘ग्व्लानेन’ म्हणजे लोकरीचं कापड. इंग्रजी शब्द त्यावरूनच आला, असं बहुतेक मानतात. काहींच्या मते तो जुन्या फ्रेंचमधला. मला वेल्शच पटतं. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्‌ज ऑफ विंडसर’मध्ये फॉल्स्टाफ एका वेल्श पाद्र्याला ‘वेल्श फ्लॅनेल’ म्हणूनच चिडवतो. म्हणजे तेव्हाही लोकांच्या डोक्यात ही जोडी पक्की होती.

लोकर निवडणं, पिंजणं, कातणं, विणणं, सगळं क्रमाने बघायला मिळतं. कातायचं म्यूल यंत्र मला सगळ्यात आवडलं. चात्यांची अख्खी रांग रुळांवरून मागे सरकत धागा ओढते, पीळ देते आणि परत येताना गुंडाळून घेते. पण शिंपिणीने खरं थांबावं ते कापड मळण्यापाशी. विणलेलं कापड साबणपाण्यात कुटून मुद्दाम आटवतात, म्हणजे वीण घट्ट होते. आम्ही गिऱ्हाइकाचं कापड आटू नये म्हणून आधीच भिजवून घेतो, आणि इथे आटवणं हीच कारागिरी! मग ते आकड्यांवर ताणून वाळवतात.

असं कापड घाम शोषतं आणि ओलं झालं तरी ऊब धरतं, म्हणून खाणकामगारांचे शर्ट याचेच. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या मागणीवर या गिरण्या भरभराटीला आल्या, गावाला ‘वेल्सचं हडर्सफील्ड’ म्हणत; हडर्सफील्ड म्हणजे इंग्लंडमधलं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. युद्ध संपलं आणि धंदा बसला. संधिवातावर लाल फ्लॅनेल गुंडाळायचीही इथे रीत होती. गुण किती येई देव जाणे, ऊब तरी मिळत असेल.

दुकानात शाली, पांघरुणं हाताळून पाहिली. काठ सरळ, वीण एकसारखी. मागे एका दुकानातून जावयासाठी ‘फ्लॅनेल’ म्हणून घेतलेल्या शर्टाला दोन धुण्यांत गोळे आले होते, म्हणून हल्ली मी लव उलट्या बाजूने घासल्याशिवाय काही घेत नाही.

निघण्याआधी यंत्रं कधी चालवून दाखवतात ते विचारून घ्या. नुसत्या पाट्या वाचायला एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.