अल्बमसोबतचे टिपण : पुण्यातील एका अदलाबदलीचा सात महिन्यांचा अनुभव

पुण्याच्या पेठेतील एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी अल्बमची अदलाबदल चालते. दुकानाच्या माळ्यावर चौदाच खुर्च्या मावतात आणि त्या भरलेल्या असतात, म्हणून नाव छापू नये अशी मालकांची विनंती आहे. ती मान्य करून, गेल्या सात महिन्यांत या उपक्रमात मला काय मिळाले आणि काय खटकले, ते येथे लिहीत आहे.

पद्धत सोपी आहे. चहा धरून महिन्याला तीनशे रुपये वर्गणी भरायची, आपल्या संग्रहातील एक अल्बम आणायचा, नावांची सोडत काढायची आणि आपल्या वाट्याला ज्याचे नाव येईल त्याला तो अल्बम महिनाभर ऐकायला द्यायचा. रेकॉर्ड घरी नेणाऱ्याकडून हजार रुपये अनामत घेतात. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर नाही ते अल्बमचे नाव लिहून घेतात आणि मोबाइलवर ऐकतात. अटी दोनच आहेत. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, किमान दोनदा ऐकायचा. आणि देणाऱ्याने सोबत आठ-दहा ओळींचे टिपण लिहायचे, ज्यात कान कोठे लावावा हे सांगितलेले असेल. पहिली अट किती जण पाळतात याविषयी मला शंका आहे. मात्र दुसरी अट मालक कटाक्षाने पाळून घेतात आणि या साऱ्या खटाटोपाचा जीव त्या टिपणातच आहे, असे माझे मत झाले आहे.

मी ख्यालगायन ऐकत वाढलो. जॅझ या शब्दाला मी इतकी वर्षे वचकून होतो. पहिल्याच सोडतीत अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा १९५९ सालचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम वाट्याला आला, तेव्हा महिना वाया गेला असे वाटले. देणारे गृहस्थ निवृत्त अभियंता होते आणि त्यांचे टिपण अभियंत्याला शोभेल असेच होते. त्यांनी लिहिले होते की, 'सो व्हॉट' ही पहिली रचना ऐकताना प्रथम काफी थाटाचे (कोमल ग आणि कोमल नि असलेले) स्वर मनात धरावेत, कारण ती ज्या डोरियन नावाच्या पाश्चात्त्य स्वरमालेवर उभी आहे तिचे स्वर तेच आहेत. चार मात्रांचा एक विभाग मानला तर बत्तीस विभागांचे एक आवर्तन होते. त्यातील पहिले सोळा विभाग एका षड्जावर, म्हणजे आधारस्वर 'सा'वर, पुढचे आठ त्याहून अर्धा स्वर चढ्या षड्जावर आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ षड्जावर, आणि हेच चक्र अखेरपर्यंत फिरत राहते.

तंबोऱ्याच्या अढळ षड्जावर पोसलेल्या कानाला, मैफलीच्या मध्यात षड्जच जागचा हलतो ही कल्पना जवळजवळ अशिष्ट वाटते. पण टिपण समोर ठेवून मोजू लागल्यावर, पॉल चेंबर्स खालच्या सप्तकातून बास या खर्जाच्या तंतुवाद्यावर मुखडा मांडतात आणि इतर वाद्ये दोनच स्वरांत त्याला होकार भरतात, तो संवाद स्वच्छ ऐकू आला. सतराव्या विभागाला जमीन सरकते आणि पंचविसाव्याला पुन्हा जागेवर येते, तेव्हा समेवर आल्यासारखा सुस्कारा सुटतो. जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडर्ली या दोघांचे सॅक्सोफोन वेगळे ओळखायला मला तिसऱ्यांदा ऐकावे लागले. अटीपेक्षा एकदा जास्त.

याउलट अनुभव तिसऱ्या महिन्यात आला. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांच्या गायिका सेझारिया एव्होरा यांचा १९९२ सालचा 'मिस परफुमादो' हा अल्बम मिळाला आणि सोबतच्या टिपणात 'काळजाला हात घालणारा', 'शब्दातीत' अशी विशेषणेच भरलेली होती. दोन्ही वेळा ऐकून मला केवळ एक गोड, संथ आवाज ऐकल्यासारखे वाटले. बैठकीत मी तसे प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा मूळच्या मडगावच्या एका सदस्य बाईंनी खुलासा केला की 'सोदाद' या गीतात साओ तोमे बेटाच्या लांबच्या वाटेविषयी विचारले आहे आणि पोर्तुगीज अमलात केप व्हर्देचे मजूर तेथील कोकोच्या मळ्यांवर नेले जात असत. त्यांनी पुढे मोर्ना या तिथल्या गानप्रकाराची गोव्याच्या मांडो या कोकणी गीतप्रकाराशी तुलना केली. दोन्हीकडे सत्ता पोर्तुगालची, दोन्हीकडे गाणे मात्र आपापल्या बोलीत, आणि विरहाचा विषय दोन्हीकडे घरचाच. हे दहा ओळींत लिहिता आले असते.

असा दोष माझ्याही हातून घडला. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या, रॉक संगीत ऐकणाऱ्या एका तरुणाला मी किशोरी आमोणकर यांच्या भूप रागाची रेकॉर्ड दिली आणि टिपणात जयपूर-अत्रौली घराण्यावर पानभर मजकूर लिहिला. पुढच्या बैठकीत त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले की, "काका, घराणं समजलं, गाणं कुठून ऐकायचं ते नाही समजलं." मग मी त्याला पेटीवर सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर वाजवून दाखवले, मध्यम आणि निषाद येत नाहीत एवढेच सांगितले आणि रेकॉर्ड आणखी एक महिना ठेवून घ्यायला लावली. सोडतीचा योग असा की, पाचव्या महिन्यात त्याचाच अल्बम माझ्याकडे आला. तो होता 'एथिओपिक्स' मालिकेचा चौथा खंड, म्हणजे इथिओपियाचे संगीतकार मुलातू अस्तात्के यांचे १९६९ ते १९७४ या काळातील वाद्यसंगीत. टिपणात त्याने लिहिले होते की इथिओपियातील तिझिता या स्वरमालेच्या एका प्रकारात तुमच्या भूपाचेच पाच स्वर आहेत; या अल्बममध्ये सगळीकडे ते भेटणार नाहीत, पण ओळखीच्या दारातून आत शिरा. इतके नेमके टिपण मला सात महिन्यांत दुसरे मिळाले नाही.

उणिवाही आहेत. सोडतीत तीच जोडी लागोपाठ आली तरी ती बदलत नाहीत. माळ्याची खिडकी रस्त्यावर उघडते, त्यामुळे संथ वादनात रिक्षांचे हॉर्न मिसळतात. मी दिलेली एक रेकॉर्ड चरा पडून परत आली आणि अनामतीतून भरपाई देण्याबाबत मालकांनी टाळाटाळ केली. काही सदस्य आवडीचा अल्बम आणण्याऐवजी भारदस्त दिसेल असा आणतात. त्यांचे टिपण वाचताच ते कळते. चहा मात्र उत्तम असतो.

ज्याला रोज नवे काही हवे आहे, त्याला महिन्याला एक हा वेग सोसणार नाही. रेकॉर्ड प्लेयर नाही म्हणून मात्र कोणी अडू नये, कारण टिपण मोबाइलवर ऐकणाऱ्यालाही तेवढेच उपयोगी पडते. मी पुढच्या सहा महिन्यांची वर्गणी भरली आहे. किशोरीताईंची रेकॉर्ड अजून त्या मुलाकडेच आहे आणि मी ती मागितलेली नाही.