बाळ आलं, नोकरीचं काय झालं?

कामात आकंठ बुडालेली बाई आणि ध्यानीमनी नसताना तिच्या कडेवर आलेलं मूल. या एका कल्पनेवर हॉलिवूडनं पुन्हा पुन्हा विनोदी सिनेमे काढले. एखाद्या संध्याकाळी त्यातला कोणता बघावा, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगते: बाळ आल्यावर सिनेमा तिच्या कामाचं काय करतो? मूल गोड असणारच आणि लंगोटाची फजिती होणारच. खरा फरक पडतो तो तिच्या टेबलाचं, पगाराचं, बढतीचं पुढे काय झालं यानं.

या कसोटीवर तीन सिनेमे शेजारी ठेवते: 'बॅचलर मदर' (१९३९), 'बेबी बूम' (१९८७) आणि 'रेझिंग हेलन' (२००४). 'नॉक्ड अप'चं (२००७) नाव हमखास निघतं, म्हणून त्याबद्दलही थोडं.

'बेबी बूम'वर मी जास्त बोलणार आहे, कारण कामाचा प्रश्न सरळ अंगावर घेणारा हाच आहे. नॅन्सी मायर्स आणि चार्ल्स शायर यांनी तो लिहिला, दिग्दर्शन शायर यांचं. डायन कीटनची जे. सी. वायट मॅनहॅटनमधल्या एका सल्लागार कंपनीत वाघिणीच्या दराऱ्यानं वावरते. भागीदारी हाताशी आलेली. तेवढ्यात इंग्लंडमधले दूरचे नातेवाईक अपघातात गेल्याचं कळतं आणि वारसा म्हणून विमानतळावर तिच्या हातात येते ती एलिझाबेथ नावाची तान्ही पोर.

बाळ येण्याच्या आधीचा एक प्रसंग लक्ष देऊन ऐका. भागीदारीचा विषय काढताना साहेब तिला विचारतात, किती त्याग करावा लागेल याची कल्पना आहे ना? स्वतःबद्दल मात्र निर्धास्तपणे सांगतात की घर, मुलं सगळं बायको बघते. ती नेमकं काय करते हे त्यांनाही ठाऊक नाही. आपल्याला सगळं मिळालं, हे ते नशीब म्हणून सांगतात. जे. सी. लगेच म्हणते, मला सगळं नकोच आहे. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या प्रसंगाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. मूल झाल्यावर पाहिला आणि तिथंच थांबवून पुन्हा ऐकला. ती किती चटकन आणि किती मनापासून स्वतःचा अर्धा भाग सोडून द्यायला तयार होते!

पुढची घसरण फार अचूक टिपली आहे. महत्त्वाच्या ग्राहकासोबत जेवण आहे, बाळाला ठेवायला जागा नाही, म्हणून ती पोरीला उपाहारगृहात कोट जमा करून घेणाऱ्या मुलीकडे सोपवते. हसू येतंच. पण हळूहळू तिनंच आणलेला, तिच्या हाताखाली तयार झालेला तरुण तिच्या खुर्चीकडे सरकू लागतो. कुणी आवाज चढवत नाही, कुणी तिला काढून टाकत नाही. मोठं काम अलगद काढून घेतलं जातं, आणि तेही तिच्याच भल्यासाठी असल्यासारखं.

काळ लक्षात घेतला तर हे जास्त बोचतं. अमेरिकेत गरोदरपणावरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा १९७८चा, जे. सी. गरोदरच नसल्यामुळे तिला त्याचा काय उपयोग? मूल जन्मलं किंवा दत्तक आलं तर १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देणारा संघराज्याचा कायदा १९९३ साली आला, आणि तोही ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणांपुरता. म्हणजे पडद्यावरच्या या बाईपाशी तिच्या स्वतःच्या हिमतीपलीकडे काहीच नव्हतं.

उत्तरार्धात ती व्हरमाँटमध्ये जुनं घर विकत घेते. विहीर आटते, खर्च वाढत जातो, आणि त्यातूनच बाळासाठी सफरचंदाची पेस्ट उकळता उकळता तिला धंदा सापडतो. गावातला जनावरांचा डॉक्टर आहे सॅम शेपर्ड. हा भाग मला कमी पटतो. शहर सोडून ६२ एकरांची जागा घ्यायला गाठीशी बरीच शिल्लक लागते, आणि हे न बोलता सिनेमा पुढे जातो. पण एक गोष्ट त्यानं फार नीट जपली आहे: जे. सी.ची व्यवसायाची बुद्धी. आई झाली म्हणून ती मवाळ किंवा भोळी होत नाही. तिची हुशारी तीच, तिची भूक तीच, फक्त खुर्ची आता तिच्या मालकीची. कीटननं नंतर स्वतः पन्नाशीत मूल दत्तक घेतलं, हे आठवलं की तिचा यातला अवघडलेपणा मला अजूनच जवळचा वाटतो.

आता १९३९मध्ये चला. 'बॅचलर मदर'मधली पॉली म्हणजे जिंजर रॉजर्स. मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात नाताळपुरती लागलेली विक्रेती. कामावरून कमी केल्याची चिठ्ठी हातात पडते त्याच दिवशी अनाथालयाच्या पायरीवर ठेवलेलं बाळ ती उचलते, आणि सगळे तिलाच आई समजून बसतात. ती जीव तोडून नाही म्हणते, कुणी ऐकत नाही. मालकाचा मुलगा (डेव्हिड निवन) दयेनं तिची नोकरी परत देतो, पण बाळ तिनं सांभाळलंच पाहिजे. तर बाकीच्या सिनेमांत मूल आलं की नोकरी धोक्यात येते, आणि इथं मूल आहे म्हणूनच नोकरी आहे!

त्या काळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांमुळे अविवाहित आईवर उघड विनोद करणं सोपं नव्हतं. म्हणून बाळ पॉलीचं नाही हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असतं, आणि त्या अडचणीतूनच गंमत फुलते. निवन बालसंगोपनाचं पुस्तक वाचून सल्ला देतो तो प्रसंग आणि आपल्याच दुकानात मोडकं खेळणं बदलून घ्यायला जातो तो प्रसंग, या दोन्हींना मी आजही मोठ्यानं हसते. कारकिर्दीची महत्त्वाकांक्षा मात्र इथं शोधू नका. पॉलीला पोटापुरता पगार हवा आहे, आणि तो ज्यांच्या हातात आहे ते तिच्या आयुष्याचा निकालही लावू पाहतात. दीड तासाच्या आत संपतो आणि कुठेही रेंगाळत नाही.

'रेझिंग हेलन'चा सूर वेगळा आहे. केट हडसनची हेलन मॉडेलिंग एजन्सीत चढती कमान गाठत असते. बहीण आणि मेव्हणा अपघातात जातात, आणि मृत्युपत्रात तीन मुलं हेलनकडे सोपवलेली निघतात. मोठी बहीण जेनी, घर-मुलं सांभाळण्यात पारंगत, ती राहते बाजूला. गॅरी मार्शल यांचा हा सिनेमा हसवण्यापेक्षा डोळे पाणावणारा जास्त. एजन्सीतली नोकरी जाते, हेलन गाड्या विकणाऱ्याकडे काम धरते, आणि त्यानंतर तिच्या जुन्या कामात काय मोलाचं होतं हे विचारण्यात सिनेमाला फारसा रस उरत नाही. कारकीर्द म्हणजे झगमगाट आणि मुलं म्हणजे खरं आयुष्य, असं सोपं समीकरण तो मांडतो. मला ते अन्यायाचं वाटतं. पण जोन क्यूसॅकची जेनी आणि दोघी बहिणींमधला ताण खरा आहे. घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर मन घट्ट करून बसा.

'नॉक्ड अप'मध्ये दूरदर्शन वाहिनीवरच्या ॲलिसनला पडद्यावर यायची बढती मिळते आणि ती साजरी करण्याच्या रात्रीतूनच गरोदरपण येतं. विनोद आणि भाषा पूर्णपणे प्रौढांसाठी. शिवाय सिनेमाचा जीव तिच्या नोकरीपेक्षा बाळाच्या बापाच्या, म्हणजे त्या रात्री भेटलेल्या बेफिकीर तरुणाच्या मोठं होण्यात गुंतलेला आहे. खुद्द नायिका कॅथरीन हायगलनं नंतर एका मुलाखतीत त्यात बायकांबाबत थोडा दुजाभाव असल्याचं बोलून दाखवलं होतं.

'बेबी बूम' आला त्याच वर्षी तीन अविवाहित पुरुषांच्या दारात बाळ येण्याचा एक विनोदी सिनेमा अमेरिकेत वर्षातला सर्वाधिक कमाईचा ठरला. त्या तिघांना कुणीही बढतीचं काय असं विचारत नाही.

तर निवड. तुम्ही स्वतः नोकरी आणि तान्ह्या बाळाच्या ओढाताणीत असाल, तर 'बेबी बूम'. दिवसभर थकलेला असाल आणि चटपटीत, जुन्या घडणीचा विनोद हवा असेल, तर 'बॅचलर मदर'. घरातल्या कुमारवयीन मुलांसोबत बसायचं असेल, तर 'रेझिंग हेलन'. 'नॉक्ड अप' मुलं झोपल्यावर, आणि तेही असा विनोद रुचत असेल तरच.

दोन संध्याकाळी मिळाल्या तर 'बेबी बूम' आधी बघा आणि दुसऱ्या दिवशी 'बॅचलर मदर'. मालकाचा मुलगा पॉलीला बाळासकट नोकरी बहाल करतो तेव्हा आदल्या रात्रीचे जे. सी.चे साहेब आठवतात, आणि तो विनोदी प्रसंग एकदम निराळा दिसू लागतो.