नाकाला एक, गालाला एक: मिश्र त्वचेसाठी कोणता फेसमास्क घ्यावा?

ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलच्या काचेत चेहरा दिसतो. कपाळ नि नाक तळणीतून काढल्यासारखं चकाकत असतं. गालाला हात लावावा तर तो खरखरीत. दिवसभर ऑफिसचा एसी, त्यावर फलाटावरचा घामट उकाडा, मग आणखी काय होणार? कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात तैलग्रंथी जास्त असतात, गालांवर कमी. त्यामुळे दुकानात उभं राहिलं की गोची होते: तेलकट त्वचेचा मास्क घ्यावा की कोरड्या त्वचेचा?

आपली त्वचा खरंच अशी मिश्र, म्हणजे कुठे तेलकट नि कुठे कोरडी, आहे का, हे आधी बघून घ्या. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, तासभर काहीही लावू नका, मग टिश्यू पेपर कपाळावर आणि गालावर वेगवेगळा दाबा. कपाळाच्या कागदावर तेलाचा डाग आणि गालाचा कागद कोरडा निघाला, तर पुढचं वाचा.

माझ्या वहिनीने गेल्या महिन्यात हाच प्रश्न टाकला, आणि तिच्या निमित्ताने मी माझ्या बेसिनशेजारची सगळी फळीच खाली काढली. त्यावर होतं काय, तर मुलतानी माती, क्ले मास्कची ट्यूब, शीट मास्कची (सीरममध्ये भिजवलेल्या कागदी मुखवट्यांची) पाकिटं आणि वाळल्यावर सोलून काढायच्या काळ्या पील-ऑफ मास्कची ट्यूब. शिवाय स्वयंपाकघरातलं बेसन-साय आहेच.

आधी माती. जांभळी नाक्याच्या बाजारात ती खड्यांतही मिळते नि पावडरीतही. मी खडेच घेते. वाटीत पाणी घालून खडा टाकला की तो बुडबुडे सोडत आपोआप विरघळतो, आणि घरभर पहिल्या पावसाचा वास येतो. (हा वास नसता तर मी कदाचित इतकी वर्षं मातीला चिकटून राहिले नसते.) एका शीट मास्कच्या पैशात महिनोन्महिने पुरेल इतकी माती येते. तेल शोषण्यात ती फार जोरदार आहे, आणि मिश्र त्वचेवर तिचा धोकाही तोच. नाक कुठलं आणि गाल कुठला हे माती विचारत नाही. एकदा मी ती तोंडभर थापून बहिणीशी फोनवर बोलत बसले. चांगला अर्धा तास गेला. हसले तेव्हा गालावरची माती भेगाळून खाली पडली, आणि पुढचे तीन दिवस गालांची सालं निघत होती.

तेव्हापासून माती फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीला, आणि जास्तीत जास्त दहा मिनिटं. घड्याळापेक्षा रंगाकडे बघा: कडा फिकट पडू लागल्या पण मध्ये अजून ओल आहे, तेव्हाच धुवायची. पूर्ण सुकून ताणली गेली की ती त्वचेतली ओलही ओढू लागते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदाच.

ट्यूबमधला क्ले मास्क म्हणजे याच मातीची जरा शिकलेली बहीण. पाठीमागची घटकांची यादी वाचा. ती साधारणपणे जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. केओलिन आणि बेंटोनाइट ही मातीचीच नावं. केओलिन सुरुवातीला असेल तर मास्क सौम्य, बेंटोनाइट असेल तर तेल जोरात ओढणारा. मिश्र त्वचेला मी केओलिन सुचवेन, सोबत ग्लिसरीन असेल तर आणखी बरं, कारण मग तो तितका कडकडीत वाळत नाही. सॅलिसिलिक अॅसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्रांतल्या साठलेल्या तेलापर्यंत पोचतं. नाकासाठी ते उपयोगी, गालावर त्याचं काम नाही. अल्कोहोल आणि सुगंध यादीत वरच्या बाजूला दिसले की ट्यूब परत ठेवा. मातीपेक्षा ट्यूब महाग, पण भिजवणं नाही, गुठळ्या नाहीत आणि बेसिनच्या जाळीत गाळ अडकत नाही.

शीट मास्क अगदी उलट्या कामाचा. तो काढून घेत नाही, देतो: ग्लिसरीन, ओल धरून ठेवणारं हायलुरॉनिक अॅसिड आणि बरंचसं पाणी. गालांना हे हवंच असतं. पण ठाण्याच्या जूनमध्ये तो नाकावर ठेवलात तर चेहरा नुसता चिकचिकतो. मी सरळ कात्रीने गालांचे दोन तुकडे कापून घेते. पंधरा-वीस मिनिटांनी, कागद ओला असतानाच काढायचा. गालावर वाळू दिला तर दिलेली ओल परत घेऊन जातो. पाकिटात उरलेलं सीरम मानेला आणि कोपरांना लावून संपवायचं. उघडं पाकीट उद्यासाठी ठेवायचं नाही.

काळ्या पील-ऑफबद्दल थोडक्यात: घेऊ नका. सोलताना बारीक लव उपटली जाते, गाल लाल होतात. नाकावरचे ठिपके ओढून काढल्याचं समाधान मिळतं खरं, पण त्यातले बहुतेक ब्लॅकहेड्स नसतातच. रंध्रांत तेलाची बारीक वात असते, ती काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा भरते.

बेसन, साय, चिमूटभर हळद हे गालांना चांगलं, फक्त घासायचं नाही. ताजं कालवा, उरलेलं टाकून द्या. त्यात लिंबू मात्र अजिबात पिळू नका. लिंबाचा रस त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतो. तो लावून उन्हात गेलं की काहींना भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग मागे राहतात. आजी लावायची, हे मलाही माहीत आहे.

रात्री रेटिनॉल किंवा अॅडापॅलीन (सुरकुत्या-मुरुमांवरची क्रीम्स) लावत असाल तर त्या रात्री क्ले मास्कला सुट्टी द्या. मुरुमांवर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर आधी त्वचातज्ज्ञांना विचारा. नवं काहीही असो, कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. घरच्या लग्नात हळदीच्या आदल्या दिवशी नवा मास्क उघडणारी एक तरी मुलगी असतेच.

मग घ्यायचं काय? एकच वस्तू घ्यायची असेल तर केओलिनची ट्यूब, फक्त तेलकट पट्ट्यावर. गालांना रोजचं मॉइश्चरायझर पुरतं. पैसे वाचवायचे असतील आणि वाटी-चमच्याचा कंटाळा नसेल तर माती, त्याच नियमाने. गाल फारच ओढत असतील तर महिन्यातून दोनदा कापलेला शीट मास्क, माती धुतल्यानंतर. एकाच मास्कने सगळा चेहरा भागवायचा हट्ट सोडलात तर यातलं काहीही घेतलंत तरी फार चुकणार नाही.

वहिनीची अडचण वेगळीच निघाली. ती घोडबंदर रोडला राहते, तिच्या सोसायटीत टँकर येतो, आणि माती धुवायला पाणी लागतं मायंदाळ. तिने ट्यूब घेतली. जाताना मात्र माझ्याकडचे चार खडे डब्यात भरून नेले, टँकर आलेल्या दिवसासाठी.