मुलाचा दमा: पातळ औषध, गोळी, पंप की इंजेक्शन?

डॉक्टरांनी मुलाला दमा असल्याचे सांगून पंप लिहून दिला, की आईबाप चिठ्ठी घेऊन आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येतात आणि हळूच विचारतात, पंपाऐवजी गोळी नाही का चालणार? मागच्या वेळचे पातळ औषध? बरोबर आजोबा असले तर ते स्पष्टच बोलतात, "पंपाची सवय लागतली मा?" सिंधुदुर्गात औषधे विकताना हे इतक्यांदा ऐकले आहे की एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. औषध डॉक्टरच ठरवणार. पण कोणते औषध शरीरात कुठे जाऊन काय करते हे कळले, तर घेतलेला पंप कपाटात पडून राहत नाही.

दम्यात श्वासनळीत दोन गोष्टी चाललेल्या असतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आणि आतले अस्तर सुजून चिकट कफ धरते. आवळणे अचानक होते, सगळ्यांना दिसते. सूज मात्र मूल हसत-खेळत असतानाही आत असते. बऱ्याच मुलांत या सुजेमागे ॲलर्जी असते, आणि आपल्याकडे तिचे एक मोठे कारण म्हणजे गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून जगतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर त्यांना काय कमी? त्यांच्या विष्ठेत डर पी १ नावाचे प्रथिन असते. श्वासनळीच्या पेशी एकमेकींना जोडणारी शिवण हे प्रथिन कापते, असे १९९९ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. त्या फटीतून ॲलर्जीचे कण आत शिरले की प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ हे निरोप पोचवणारे रेणू सोडतात. ४ मुळे आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिपिंड वाढते, ५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, १३ मुळे कफ वाढतो. पुढची सगळी तुलना या साखळीवरच आहे: कोणते औषध ती कुठे अडवते?

पातळ औषध म्हणजे बहुधा साल्ब्युटामॉल. ते साखळीला हातही लावत नाही, फक्त आवळलेले स्नायू सैल करते. तेच औषध पंपातही मिळते, आणि फरक मात्रेत आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असते, तर ५ मिलिलिटर पातळ औषधात २ मिलिग्रॅम, म्हणजे २० पट. शिवाय ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचते. मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते ती यामुळेच. फवारा काही मिनिटांत काम करतो, पातळ औषधाला वेळ लागतो. इथे माझे मत पक्के आहे: दम्यासाठी पातळ साल्ब्युटामॉल मागू नका. आणि पंप असला तरी नुसत्या साल्ब्युटामॉलवर मूल काढू नका, सूज तशीच राहते. जागतिक दमा मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून १२ वर्षांपुढच्या कोणालाही एकट्या या औषधावर ठेवू नये असे सांगितले आहे.

खरी निवड रोजच्या औषधात आहे: स्टेरॉइडचा पंप की मॉन्टेलुकास्टची गोळी. गोळी ल्युकोट्राइन या एका रेणूची वाट अडवते. पंपातले स्टेरॉइड पेशीत शिरून थेट केंद्रकात जाते आणि ४, ५, १३ तयार करण्याचा हुकूम जिथून सुटतो तिथेच तो दाबते. म्हणून त्याचा आवाका मोठा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६ ते १७ वर्षांच्या मुलांना दोन्ही औषधे आळीपाळीने ८-८ आठवडे दिली. फुप्फुसाची ताकद ठरावीक प्रमाणात सुधारण्याच्या कसोटीवर १७ टक्के मुलांना दोन्हींचा गुण आला, २३ टक्क्यांना फक्त पंपाचा, ५ टक्क्यांना फक्त गोळीचा. उरलेल्यांत तेवढी सुधारणा कशानेच दिसली नाही. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल आणि आयजीई जास्त, त्यांना पंप अधिक लागू पडला.

गोळी सोपी, हे मान्य. पण मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मॉन्टेलुकास्टवर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला: वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. गोळी सुरू झाल्यावर मुलाची झोप किंवा स्वभाव बदलला तर लगेच डॉक्टरांना सांगा.

पंपाच्या स्टेरॉइडची भीती मी रोज पाहते, आणि ती अगदीच निराधार नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड (पंपातले एक स्टेरॉइड) चार ते सहा वर्षे घेतलेली मुले मोठी झाल्यावर सरासरी १.२ सेंटिमीटर बुटकी भरली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २० किलोच्या मुलाला मोठा झटका आला की तोंडाने २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज द्यावे लागते. रोजच्या २०० मायक्रोग्रॅमच्या पंपाच्या ते १०० पट आहे. पंप टाळणाऱ्या घरात झटके येत राहतात, आणि मग हेच मोठे डोस पुन्हा पुन्हा पोटात जातात. राहिली सवय. ती लागत नाही. पंप अचानक बंद केल्यावर त्रास परततो, कारण सूज परतते.

पंपातही दोन प्रकार आहेत. कॅप्सूल फोडून पावडर ओढायची, तिला जोराचा श्वास लागतो, आणि पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला तो जमत नाही. त्यात आपला पाऊस. जुलैत झाकण सैल राहिलेली बाटली उघडून पाहा: कॅप्सूल मऊ पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, पावडर आतल्या भिंतीला धरलेली. मूल ओढते आणि अर्धे औषध यंत्रातच राहते. म्हणून लहान मुलांना फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी), अगदी लहानांना मास्कसकट. पंप हलवायचा, एकच फवारा, मग पाच-सहा संथ श्वास, नंतर चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटते.

इंजेक्शनांची चौकशी आता वाढली आहे. रेणूंच्या संशोधनातून थेट हाती आलेली औषधे हीच. आयजीई १९६६ मध्ये सापडले. त्याला पकडून ठेवणारे ओमालिझुमॅब २०१६ पासून अमेरिकेत ६ वर्षांच्या मुलांनाही देता येते. २०११ च्या अभ्यासात ते घेणाऱ्यांपैकी ३०.३ टक्क्यांना वर्षभरात झटका आला, न घेणाऱ्यांत ४८.८ टक्क्यांना, आणि सर्दी-विषाणूच्या हंगामात वाढणारे झटके जवळपास थांबले. ४ आणि १३ यांचा दरवाजा एकदम बंद करणाऱ्या डुपिलुमॅबने ६ ते ११ वयोगटात तीव्र झटके ५९ टक्क्यांनी कमी केले (२०२१). ५ ला अडवणाऱ्या मेपोलिझुमॅबने मुलांत २७ टक्केच (२०२२). रक्तातले इओसिनोफिल घटले तरी झटके उरले. नाकातल्या पेशींची जनुके तपासल्यावर सुजेच्या दुसऱ्या वाटा चालू असल्याचे दिसले. नेमके औषध म्हणजे जास्त गुणकारी औषध असे नसते, ते यावरून कळते.

ही इंजेक्शने कोणासाठी? स्पेसरसकट पंप बरोबर आणि नियमित घेऊनही झटके येणाऱ्या थोड्या मुलांसाठी. महिन्याचा खर्च पाच आकडी होऊ शकतो, दोन ते चार आठवड्यांनी कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते, आणि औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वादळात दोन-दोन दिवस वीज नसणाऱ्या गावात ते घरच्या फ्रिजवर सोपवू नका.

तपासण्यांत इओसिनोफिल आणि आयजीई पुरेसे, पण आधी जंत तपासा. अनवाणी फिरणाऱ्या मुलांत जंतांमुळे दोन्ही वाढतात आणि आकडा फसवतो. जनुक तपासणीवर पैसे घालू नका. १७ व्या गुणसूत्रावरचा बालदम्याशी जोडलेला भाग २००७ मध्ये सापडला, पण तो निरोगी माणसांतही भरपूर असतो आणि त्यावरून औषध ठरत नाही.

घरात काय करावे? किड्यांची ॲलर्जी ठरली असेल तर गादी-उशीला घट्ट विणीची आवरणे. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात साध्या आवरणांच्या गटातल्या ४१.५ टक्के मुलांना झटक्यामुळे इस्पितळ गाठावे लागले, घट्ट विणीच्या गटात २९.३ टक्क्यांना. मेमध्ये गाद्यांना कडक ऊन द्या. पावसात ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नका. शेतात राब (पालापाचोळा) भाजताना आणि गणपतीच्या आरतीच्या धुरात मुलाला दूर ठेवा. पण आवरणे घातली म्हणून पंप सोडायचा नाही.

पाऊस सुरू होण्याआधी, मेमध्येच, डॉक्टरांना दाखवून झटक्याच्या वेळी काय द्यायचे ते कागदावर लिहून घ्या. बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर त्या कागदाप्रमाणे तातडीचा पंप स्पेसरमधून देत देत गाडीत बसा. वाफ द्यायला, काढा करायला थांबू नका.