बोरिवलीचं नॅशनल पार्क: रविवारी एक तारा, बुधवारी साडेचार

परळच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या काउंटरवर मी काम करते. माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी. त्यापायी कितीतरी साखरपुडे आणि बारशी बुडाली म्हणून आई अजून कुरकुरते, पण बोरिवलीचं नॅशनल पार्क मला दाखवलं ते या बुधवारानेच. पाटीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लिहिलंय, पण लोकलमध्ये कोणाला विचारा, 'नॅशनल पार्क'च म्हणतील.

आधी एक ताऱ्याची हकिकत. जुलैतला रविवार, मैत्रिणीशी अदलाबदल करून मिळवलेली सुट्टी. वहिनी, दोन भाचे आणि थालीपिठांचा डबा. बोरिवली स्टेशनातून बाहेर पडतानाच कळलं की अख्ख्या मुंबईला आज हीच बुद्धी झालीय. गेटपासून कान्हेरीची बौद्ध लेणी साधारण सहा किलोमीटर. मुलांना घेऊन चालणं शक्य नव्हतं, म्हणून बसच्या रांगेत उभ्या राहिलो. वर पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. पाऊस थांबला की छत्र्या मिटायच्या आणि मोबाइल निघायचे. तीन नंबरच्या गुंफेत, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, प्रार्थनेच्या दालनात, पाच-सहा पोरं आवाज कसा घुमतो ते बघायला आळीपाळीने एकमेकांच्या नावाने ओरडत होती. व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, सुमारे २३ फुटी. त्या दिवशी मला फक्त त्यांचे चेहरे दिसले, खाली सगळी डोकीच डोकी. धाकटा भाचा म्हणाला, "आत्या, हे दादर स्टेशनसारखंच आहे की."

गर्दी टाळायची म्हणजे मधल्या वारी जायचं, एवढं डोकं मलाही होतं. पण पुढच्या खेपेला मी रजा टाकली ती नेमकी सोमवारची. सोमवारी पार्क बंद असतं. बंद गेटसमोर वॉटर बॅग गळ्यात अडकवून उभी राहिले, मग समोरच्या टपरीवर चहा प्यायले आणि घरी आले. चूक सर्वस्वी माझी. तुम्ही करू नका.

आता बुधवार. मार्चचा पहिला पंधरवडा, सकाळी सव्वासहाची बोरिवली स्लो. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांना लोक लोंबकळत असतात आणि आपण उलट्या दिशेला, खिडकीशी, शेजारची सीटसुद्धा रिकामी. मुंबईत राहून हे सुख ज्याने घेतलं नाही त्याची मला दया येते. गेटवर पोचलं की रोज चालायला येणारी मंडळी भेटतात, कॅनव्हासचे बूट, माकडटोपी, शेअर बाजाराच्या गप्पा. ती गेटच्या अलीकडे-पलीकडे असतात आणि ऊन चढायच्या आत परततात. ती निघाली आणि फिरायला येणारे अजून आले नाहीत, असा दीड-एक तास मध्ये मिळतो. मी जाते ती त्या तासासाठी.

त्या वेळात कान्हेरीच्या रस्त्याने चालत गेले. पानगळ झालेली, त्यामुळे झाडीच्या आतपर्यंत नजर पोचते. पावसाळ्यात नुसती हिरवी भिंत असते. काटेसावर आणि पांगारा फुललेले, तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक चालूच. भाड्याची सायकलही घेता येते, पण पुढचा चढ दम काढतो, सवय नसेल तर पायी बरं.

कान्हेरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. लेणी शंभराहून जास्त आहेत आणि बहुतेक लोक तीन नंबर बघून फोटो काढून उतरतात. तुम्ही थोडं वर जा. अकरा नंबरला दरबार म्हणतात. आत लांबच्या लांब दोन ठेंगणे दगडी कट्टे, पंगतीला बसावं तसे. मी एकावर बसले, कोणी उठवलं नाही. मग पाण्याची टाकी बघत फिरले. इथल्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हटलंय. उतारावरचं पाणी टाक्यात यावं म्हणून कातळात बोटभर-दोन बोटं रुंदीचे पाट खोदलेत. एका पाटात बोट घालून मी टाक्याच्या तोंडापर्यंत गेले, वाकून, शाळकरी पोरीसारखी. रविवारी हे करायला गेले असते तर मागच्याने पाय दिला असता.

खरं तर तेच पाट पाण्याने भरून वाहताना बघायचे तर पावसाळाच हवा. त्यावर माझा तोडगा सप्टेंबरअखेरचा मधला वार. पाणी असतं, गर्दी ओसरलेली असते. फक्त २०२४ सारखं कारवी फुलण्याचं वर्ष नसावं. कारवी आठ वर्षांनी फुलते आणि तेव्हा फुलं कमी, फोटोवाले जास्त. आता एकदम २०३२.

मधला वार म्हणजे शांतता, हेही नेहमी खरं नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्या मधल्या वारीच. पोरांचा राग नाही, पण दरबारात तुम्हाला बसायला मिळणार नाही. महाशिवरात्रीला कान्हेरीवर यात्रा भरते, तो आठवडाही सोडा.

आणि ताडोबाचा हिशोब इथे लावू नका. माझा भाऊ दर मेमध्ये तिकडे जातो. तिथे उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून माणसंही उन्हातच येतात, गेटवर गाड्यांची संख्या ठरलेली, बुकिंग केव्हाच भरलेलं. तिथली साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, आणि जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद. आपल्या बोरिवलीत उलट आहे, ऊन तापलं की माणसं घरी बसतात.

अर्धा तारा कापला तो याच उन्हासाठी. साडेअकराला वरचा कातळ तव्यासारखा तापतो. पाणी दोन लिटर न्या, टोपी न्या, उतरताना बस घ्या, तेव्हा तिला रांग नसते.

उतरताना पायऱ्यांशी काकडीवाल्या मावशींची टोपली दिसली. दहा रुपयांची काकडी मागितली. त्यांनी नोट कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "ताई, भवानी तुमच्याच हातची." चार फाका, मीठ-तिखट. पहिली मी खाल्ली. उरलेल्या तीन माकडाने कागदासकट नेल्या. मावशींनी न बोलता दुसरी काकडी चिरायला घेतली आणि शेजारची काठी माझ्या हातात दिली.